लाभ, दोन, तीन…

कांबळेअण्णांच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी लेथसमोरच उभी होते. "सकाळी च्या घेतला आनि बसल्या जागीच गेले," ती म्हणाली. मी मशीन बंद केलं. काम पकडून फिरवणारा चक फिरत फिरत थांबला आणि त्याच्या कडेवरची खडूची रेघ दिसू लागली… अण्णांनी पहिल्यांदा ओढलेली, पुसली की मी पुन्हा ओढत आलेली. त्याला आता दीड महिना होईल.

अण्णा हातकणंगल्याचे. उभा जन्म उद्यमनगरात, हाताने चालवायच्या लेथवर गेला. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून दोनदा एसटीने यायचे, ओळखीच्या वर्कशॉपांतून चक्कर मारायचे आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. मी पुण्याची नोकरी सोडून संगणकावर चालणारा जुना सीएनसी लेथ घेतला, तेव्हा 'ही बाई दिवाळीपर्यंत टिकत नाही' असं गल्लीत बोललं जाई, आणि अण्णा ते माझ्या तोंडावर येऊन सांगत. मीही कमी नव्हते. अडलं तरी कुणाला विचारायचं नाही, हा माझा खाक्या.

स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, किती फिरला हे कंट्रोलला कळवणारा एन्कोडर मी नवा बसवला होता. एका फेऱ्याला त्याच्याकडून किती ठोके येतात तो आकडा कंट्रोलमध्ये भरायचा असतो, आणि त्याच्यावरच आट्यांचं सगळं गणित चालतं. मी काय केलं, वेग मोजायचं हातातलं मीटर चकाला लावलं आणि पडद्यावरचा वेग त्याच्याशी जुळेपर्यंत आकडा खालीवर केला. ४०७२ ला जुळलं. मी खूश. आटे दिसायला सुरेख पडत, पण आटे तपासायचं गेज चार वेढे जाई आणि अडकून बसे. पंपवाल्या गिऱ्हाइकाने पहिला लॉट परत पाठवला. दुसराही आला तर मशीन विकून पुन्हा पुणं गाठायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या दुपारी अण्णा आले. अडकलेलं गेज हातात घेऊन, मी भरलेला ४०७२ ऐकून त्यांनी विचारलं, "ह्यो आकडा कुठनं आणलास?"

"जुळवला."

"जुळवलास? मोजला न्हाईस व्हय?"

चकावर खडूने रेघ, तिच्यासमोर तारेचा एक तुकडा काट्यासारखा. पडद्यावरचे ठोके शून्यावर आणायला लावले आणि म्हणाले, "आता हातानं फिरीव. दहा फेरं." पहिला फेरा पुरा होऊन रेघ तारेखाली आली तसे ते पुटपुटले, "लाभ." मला वाटलं, म्हातारा देवाचं नाव घ्यावं तसं शुभ बोलतोय. मी त्याच्या पुढच्या फेऱ्याला 'एक' म्हटलं. माझे दहा झाले तेव्हा पडद्यावर ४५,०५७ होते. दहाने भागून साडेचार हजार येत होते, म्हणजे माझ्या आकड्याच्या आसपाससुद्धा नाही. माझा चेहरा पडला.

"अकरा झालं की गं," अण्णा म्हणाले. "लाभ म्हंजी एकच. जोंधळं मोजताना बघितलं न्हाईस व्हय कवा? पैल्या मापाला एक न्हाय म्हणत… लाभ, दोन, तीन."

अकराने भागलं. ४०९६, वर किरकोळ काही. एन्कोडरच्या पट्टीवर १०२४ रेघा असं लिहिलेलं होतं आणि कंट्रोल त्याची प्रत्येक रेघ चारदा मोजतो, हे मी कॉलेजात शिकून विसरले होते. हजार चोवीस चोक… चार हजार शहाण्णव. या माणसाने आयुष्यात कीबोर्डला बोट लावलेलं नव्हतं. एन्कोडर आतून कसा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असल्याचा आवही त्यांनी आणला नाही. एक खडू, एक तार आणि खळ्यावरचं मोजणं, एवढ्यावर हा माणूस यंत्राच्या पोटातल्या आकड्यापर्यंत पोचला होता. नव्या आकड्यावर काढलेल्या तुकड्यात गेज शेवटपर्यंत सरळ गेलं, तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "आता च्या सांग."

मी टिकले. लेथ अजून तोच आहे. गेल्या आठवड्यात मात्र एन्कोडर गेला आणि नवा बसवावा लागला. पट्टीवर आकडा होता, चाराने गुणून भरला असता तरी चाललं असतं. तरी मी खडू घेतला, तार लावली, ठोके शून्यावर आणले आणि चक हाताने फिरवला. पहिला फेरा पुरा झाला, रेघ तारेखाली आली आणि तोंडातून आपसूक 'लाभ' निघालं. पुढचा फेरा फिरवताना मी मोठ्याने म्हटलं, 'दोन.'