साखर उतरली

सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४. संकष्टी. सकाळी गारवा. दळण आणले. दुपारी इंदूबाईंना कर्जतच्या हॉस्पिटलात नेले. शुद्धीवर नाहीत.

इंदूबाई आमच्या शेजारच्या. पळसदरीत त्यांची थोडी भातशेती. शनिवार-रविवारी धरणावर येणाऱ्यांना त्या पिठलं-भाकरी करून घालत. नवरा गेल्यावर शेत त्यांनीच राखलं. मधुमेहाचं इंजेक्शन स्वतःच पोटात टोचून घेत आणि वर मलाच चिडवत, "काकू, तुमी लिवता लय, खाता मातर चिमणीवानी."

गोडाचा मोह मात्र सुटत नसे. काल बारशाला त्यांनी बुंदीचे लाडू खाल्ले. त्याची भरपाई म्हणून आज सकाळी इन्सुलिन नेहमीपेक्षा जास्त घेतलं आणि चंद्रोदयापर्यंत कडक उपास धरला. सुईनं उपास मोडत नाही, असं सुनेला हसून सांगितलं आणि खळ्यावर भात झोडायला गेल्या.

दुपारी सुनेचा, नम्रताचा, फोन आला. सासूबाई घामाने भिजून घरी आल्या, काहीबाही बरळल्या आणि आडव्या झाल्या. तिने यंत्रावर रक्त तपासलं होतं. तिच्या आवाजात सुटकेचा सूर होता.

"काकू, आईंची साखर उतरली. एकोणचाळीस. आता निजल्यात."

आमच्याकडे हे वाक्य आनंदाने सांगतात. साखर चढली की घाबरायचं, उतरली की देवाला हात जोडायचे. मी म्हटलं, एकोणचाळीस फारच कमी, उठव त्यांना, आधी साखर भरव.

"साखर? अवं काकू, त्यांना साखर हाय ना!"

तिला पटवण्यात वेळ गेला. साखरेचा डबा घेऊन मीच निघाले, पण माझ्या गुडघ्यांना मधलं अंगणही लांब पडलं. पोचले तेव्हा इंदूबाईंची दातखीळ बसली होती. पाणी पाजलं असतं तर श्वासात गेलं असतं. आम्ही त्यांना कुशीवर वळवलं, बोटाने ओली साखर गालाच्या आत चोळली. बरीचशी लाळेबरोबर उशीवर आली. मी हाका मारत राहिले. डोळे अर्धे उघडे होते, पण माझ्याकडे नव्हते. नम्रता त्यांचे तळपाय चोळत विचारत होती, "माझं काय चुकलं?" चढलेल्या आकड्याला भ्यायला तिला सगळ्यांनी शिकवलं होतं. उतरलेल्याबद्दल कुणी बोललंच नव्हतं.

इंदूबाईंचा मुलगा साईनाथ टेंपो घेऊन आला, त्यातूनच नेलं. हॉस्पिटलात शिरेतून ग्लुकोज दिलं. आकडा वर आला, इंदूबाई आल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, मेंदू फार वेळ उपाशी राहिला. जाग कधी येईल, येईल की नाही, सांगता येत नाही.

"पण आता साखर वाढली ना?" नम्रता त्यांना पुन्हापुन्हा विचारत होती. "मग उठतील ना?"

डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे गेले. मी तिचा हात धरून बसले, एवढंच.

साईनाथ तिथेच थांबला. नम्रताला मी माझ्याकडे आणलं. संध्याकाळी रोजनिशीत आजच्या पानावर शेवटची ओळ लिहिली: भातात पाणी जास्त झाले, दोघींनी तसाच मऊ खाल्ला.