चोवीस वाव तंगूस

त्या नऊ रविवारांची आठवण झाली की अजून माझी कानशिलं तापतात. ज्या माणसाचा राग करायचा त्याचंच मीठ मी खाल्लंय, म्हणून तो राग धड बाहेर पडत नाही आणि संपतही नाही.

सातवीत माझी शाळा सुटली. याचं डोकं चालत नाही, कामाला लावा, असं गुरुजींनी वडलांना सांगितलं. वडलांना पटलं आणि मलाही पटलं. पुढं विशीत, बेळगावच्या सीमेजवळच्या आमच्या गावातून दीड दिवस प्रवास करून मी या शहरात आलो. चिकलठाण्याच्या एका लहान वर्कशॉपच्या दारात पिशवी घेऊन उभा होतो. तिथल्या फोरमनला सगळे उस्ताद म्हणायचे. माणूस सव्वासहा फुटाला जरा कमी, आणि हात गुडघ्याला लागतील एवढे लांब. त्यांनी दाखला मागितला नाही, गाव विचारलं नाही. लेथवर एक सळई चढवली आणि म्हणाले, कागद राहू दे, काम दाखव. संध्याकाळी पुंडलिकनगरात खोलीसुद्धा त्यांनीच बघून दिली. घरमालकीण एकट्या परक्या माणसाला जागा द्यायला तयार नव्हती, तेव्हा उस्ताद म्हणाले, माझा माणूस आहे. हे मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर राग करणं सोपं गेलं असतं.

कामात ते फार कडक. व्हर्निअरनं मोजल्याशिवाय जॉब पुढं सरकवला तर स्टीलच्या पट्टीनं बोटांवर मारायचे. अंदाज घरी ठेवून यायचा, म्हणायचे. एकदा मी डोळ्यानं बघून ‘बरोबर आहे’ म्हणालो, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

रविवारी ते फटफटीवरून पैठणच्या धरणावर जायचे. मला सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून काळजी करण्यापलीकडं काही नव्हतं. एके दिवशी म्हणाले, चल. मला वाटलं काठावर बसून गळ टाकायचा असेल. तसं नव्हतं. एका भोई मामाची नाव ठरलेली होती. मामा वल्ही मारायचे आणि आम्ही दोघं मागच्या बाजूला दोन अंगांना काठ्या धरून बसायचो. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, लांब मागं सोडायची. तिच्या टोकाला पितळी पत्र्याचा चमचा, तो उस्तादांनीच वर्कशॉपच्या तुकड्यातून कापलेला. नाव चालली की चमचा पाण्यात लकलकत मागनं येतो आणि मोठा मासा त्याला धाकला मासा समजून धरतो.

ऐकायला गंमत वाटते, पण उस्तादांची शिस्त लेथसारखीच होती. पाण्याखाली गेलेल्या जुन्या नदीच्या काठाला धरून सरळ फेरी मारायची. वळताना मोठं वळण घ्यायचं, नाहीतर दोन तंगूस एकमेकांत गुंततात. काठीचं टोक ठराविक लयीत डुलतंय का ते बघायचं, त्यावरून वेग कळतो. एका फेरीत एकच गोष्ट बदलायची, वेग नाहीतर दोरी नाहीतर जागा, आणि तीही त्यांनी सांगितल्यावरच. आधी ते शिशाचा गोळा दोरीनं सोडून खोली बघायचे आणि आकडा ओरडायचे. जेवढी वाव खोली, त्याच्या चौपट तंगूस. सहा वाव पाणी, चोवीस वाव तंगूस.

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका पंजापासून दुसऱ्या पंजापर्यंतचं अंतर. प्रत्येकानं आपली तंगूस आपल्या हातांनी मापायची आणि दर चार वावेला लाल दोऱ्याची गाठ मारायची, ही तिथली रीत. पहिल्याच दिवशी उस्तादांनी मला बजावलं होतं, दुसऱ्याच्या वावेवर भरोसा ठेवू नको. मी घरी बसून, दोनदा मोजून, गाठी मारल्या होत्या.

नऊ रविवार गेले. एकच नाव, एकच पाणी, एकाच पत्र्यातले चमचे. उस्तादांच्या बाजूला दर खेपेला एखाददुसरा शिंगाडा मासा लागायचा, लांब मिशांचा, चांगला हातभर. माझ्या बाजूला काही नाही. त्यांचा चमचा अधूनमधून तळाच्या बाभळीत अडकायचा, माझा एकदाही नाही. मला तेवढाच अभिमान होता.

पाचव्या रविवारपासून ते बोलायला लागले. भोई मामांना म्हणायचे, याला वल्ही द्या, काठी नको. मामा हसायचे. मीही हसायचो, काय करणार. वर्कशॉपमध्ये चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगायचे की मासा या पोराकडं बघून दुसरीकडं तोंड फिरवतो. नवव्या रविवारी नावेतून उतरताना ते हसत नव्हते.

“तेरे हातां में जान नै, छोटे. येत्या इतवारी नाय लागलं तर तुझ्या जागेवर माझा भाचा बसंल.”

आठवड्यातला तो एकच दिवस मला माणसात बसायला मिळायचा. मी रात्रभर माझ्या हातांकडं बघत बसलो नाही, पण दिवसा लेथवर बघायचो. ज्या हातांवर मला नोकरी दिली त्या हातांत जान नाही? आणि लाज अशी की मला ते खरं वाटलं. आधी डोकं, आता हात. सांगणारा मोठा असला की मी लगेच मान हलवायचो.

गुरुवारी उस्तादांनी त्यांची तंगूस धुऊन वाळवायला माझ्याकडं दिली. मी मागच्या अंगणात, लिंबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, ती ताणून बांधली. शेजारी माझी बांधली. दोन्हीकडं लाल गाठी. पहिली गाठ जुळली नाही. दुसरी त्याहून नाही. सहाव्या गाठीपाशी, म्हणजे चोवीस वावेला, माझी गाठ त्यांच्या गाठीपेक्षा कितीतरी अलीकडं पडत होती.

मी आत जाऊन टेप आणला. फरक बावीस फूट.

मग सगळं उलगडलं. भोई मामा एरवी एकटेच मासे धरायला जातात. खोलीही त्यांच्या हाताची आणि तंगूसही त्यांच्याच हाताची, म्हणून ती रीत बरोबर. आमच्या नावेत खोली मापायचे उस्ताद आपल्या लांब हातांनी आणि तो आकडा घेऊन तंगूस सोडायचो मी, माझ्या आखूड हातांनी. माझा चमचा नऊ रविवार माशांच्या पाच-सहा फूट वरून चालला होता. अडकणार कसा? तिथं अडकायला काही नव्हतंच.

मला रडू आलं नाही. टेप फेकावासा वाटला. केसाइतक्या फरकाला बोटांवर पट्टी मारणारा माणूस. त्याला एकदाही वाटलं नाही की याचे हात किती लांब आहेत ते बघावं.

पण तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. नोकरी त्यांची, राहायची जागा त्यांच्या शब्दावर. मी गुपचूप त्यांच्या गाठींसमोर माझ्या तंगूसला काळ्या दोऱ्याच्या गाठी मारल्या आणि दोन्ही गुंडाळून ठेवल्या.

रविवारी उस्ताद ओरडले, सहा. मी सहाव्या काळ्या गाठीपर्यंत तंगूस सोडली. पहिल्याच फेरीत माझा चमचा तळाला अडकला. उस्ताद म्हणाले, आता एवढंच राहिलं होतं. मामांनी नाव मागं घेतली, मी चमचा सोडवला. मी मात्र खूश होतो. तळ सापडला होता. चमच्याच्या थोडं पुढं शिसं लावलेलं असतं, दुसऱ्या फेरीला ते चिखलात घासताना काठीत कळत होतं. जुन्या काठाच्या वळणावर काठी एकदम वाकली.

शिंगाडा उस्तादांच्या आजवरच्या कुठल्याही माशापेक्षा लहान नव्हता. मामांनी त्याला जाळीत घेतला. उस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

“जम गया हात तेरा.”

मी तोंड दाबून ठेवलं असतं तर गोष्ट तिथंच गोड संपली असती.

“हात तेच हायत, उस्ताद. माप बदललं.” आणि मी सहावी लाल गाठ आणि सहावी काळी गाठ, मधल्या बावीस फूट दोरीसकट, त्यांच्या मांडीवर ठेवली. “खोली तुमच्या वावेची, तंगूस माझ्या वावेची. नऊ इतवार. लेथवर मी असं केलं असतं तर तुम्ही मला हाकलून दिलं असतं.”

मामांनी वल्ही थांबवली. उस्ताद गाठींकडं बघत राहिले. परत येताना बिडकीनपासून चिकलठाण्यापर्यंत फटफटीवर मी मनात पिशवी भरत होतो.

सोमवारी मी वेळेआधी गेलो. उस्तादांनी सगळ्यांसमोर हाक मारली, भिंतीला पाठ लावून उभं राहायला सांगितलं. हात पसर, म्हणाले. टेपनं माझी वाव मोजली. मग टेप माझ्या हातात दिला आणि स्वतः भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभे राहिले.

चुकलं, असं ते म्हणाले नाहीत. पुढंही कधी म्हणाले नाहीत. मी टेप धरला आणि दोन्ही आकडे मुद्दाम मोठ्यानं वाचले, चहाच्या टेबलापर्यंत ऐकू जातील असे. अकरा इंचांचा फरक.

“लिहून ठेव,” उस्ताद म्हणाले. “खोली आता तू मापायची.”