बटणाकडे जाणारा हात

कॉम्प्युटरने 'टीं' केलं की सर उठायचे. खोली ओलांडून यायचे, टेबलामागे हात घालायचे आणि बटण बंद करायचे. पडदा काळा. मग म्हणायचे, "एरर आणली. ऊठ."

जणू एरर आम्ही घरून डब्यात भरून आणली होती.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. गोंदियात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते, त्यातला हा एक. खाली राइस मिलच्या सामानाचं दुकान, वर आम्ही, भिंतीला भिंत लावून एक टेलर. दारात पाटी : चपला बाहेर काढा. आत चार मशीन आणि प्रत्येक मशीनला सरांच्या बायकोने शिवलेला फुलाफुलांचा झगा. असे सर तुम्हीही पाहिले असतील. विद्येला धूळ लागू नये म्हणून तिला झाकून ठेवणारे.

सरांनी वर्गात तीन बाक मांडले होते. भिंतीकडचा बिगिनरांचा. त्यांनी प्रोग्राम वहीत उतरवायचे, मशीनला हात फक्त शनिवारी. मधला इंटरमीडिएटचा. मी तिथे. आणि पंख्याखालचा अ‍ॅडव्हान्सवाल्यांचा, त्यांना मशीन रोज. सरांची व्याख्या पाठ होती : "बिगिनरला एरर येते. इंटरमीडिएटला कभी कभी येते. अ‍ॅडव्हान्सला येतच नाही." एक एरर आली की एक बाक खाली.

आमच्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन जी उतरंड लाथाडली, ती या माणसाने तीन बाकांत पुन्हा रचली होती. त्यासाठी त्याला कुठलं शास्त्रही लागलं नाही. एक पंखा पुरला.

पंख्याखाली एरर कशी येत नसे, तेही सांगतो. सरांकडे मोजकेच प्रोग्राम होते, कुठल्याशा पुस्तकातून झेरॉक्स केलेले. ते अक्षरासकट पाठ करायचे. दोन संख्यांची बेरीज म्हणजे पाच आणि सात, दुसऱ्या संख्या या वर्गात जन्मालाच आल्या नव्हत्या. एक दिवस आमच्या टॉपरने डोकं लावलं. उत्तर बाराच येणार, तर बेरीज कशाला करायची? त्याने एकाच ओळीत मशीनला सांगितलं, बारा छाप. मशीनने बारा छापले.

सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "देखा? शॉर्टमध्ये. याला म्हणतात अ‍ॅडव्हान्स."

आम्ही टाळ्या वाजवल्या.

सुकवारा मडावीने वाजवल्या नाहीत. ती दरेकश्याहून पॅसेंजरने यायची. घरी जंगलाची कामं, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. तिने नुसतं विचारलं, "पण सर, सातच्या जागी आठ टाकले तं?"

"टाकायचे कायले?" सर म्हणाले. "चाललं आहे ना चांगलं."

पण ती टाकून बघायची. एका शनिवारी तिने संख्येच्या जागी स्वतःचं नावच टाकलं, मशीन काय म्हणते ते पाहायला. मशीन 'टीं' म्हणाली. सर निघाले. त्यांचा हात टेबलामागे गेला, तर बटणावर आधीच हिचा तळवा.

"थांबा ना सर. वाचून रायली."

"एरर वाचत नसतात. काढतात."

"वाचल्याबिगर काढू कशी? वीस नंबरच्या ओळीत हाय म्हणते."

सरांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. सगळा वर्ग पडद्याकडे पाहत होता आणि हा माणूस तिच्या हाताकडे. तेव्हा मला कळलं. सरांना ते वाचता येत नव्हतं. इंग्रजी यायचं, झेरॉक्स यायची, पण चुकलेल्या प्रोग्रामशी काय बोलायचं ते येत नव्हतं. मशीनची प्रत्येक 'टीं' त्यांना चारचौघांत उघडं पाडत होती.

"हात काढ," ते म्हणाले. तिने काढला. पडदा काळा. त्यानंतर सरांनी तिला बिगिनरच्या बाकावरून कधी वर चढू दिलं नाही.

त्याच सुमारास क्लासच्या नागपूरच्या ऑफिसने तिरोड्याला शाखा काढायचं ठरवलं. तिथे शिकवायला आमच्यातलाच एक जण हवा होता. नागपूरचे परीक्षक येणार, अ‍ॅडव्हान्सच्या बाकावरून निवडणार. सुकवाराच्या बापाने तिला बजावलं होतं, हा क्लास संपला की गाडीचा पास बंद. जिन्यात चपला घालताना ती मला म्हणाली, "तिरोड्याचं झालं तं झालं. नाही तं पानं तोडाले हायेच मी." हे ती हसत म्हणाली. मला हसू आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मशीनचे झगे धुऊन इस्त्री केले होते. परीक्षक आले, चहा प्याले, टॉपरचा प्रोग्राम पाहिला. बारा. "बढिया. अब आठ और नौ का जोड दिखाओ."

टॉपरने बटण दाबलं. बारा.

पुन्हा दाबलं. बारा.

"मशीन गरम हो गई सर," आमचे सर म्हणाले.

परीक्षक हसले. "और कोई है?"

भिंतीकडून सुकवारा उठली. "मी करतो सर." आमच्याकडच्या मुली असंच बोलतात.

"वो बिगिनर है," सर घाईने म्हणाले. पण परीक्षकांनी तिला हाताने पुढे बोलावलं. ती बसली. जुनं पुसलं, नवं लिहायला घेतलं. दुसऱ्या ओळीवर 'टीं' झालं. ती वाकून वाचायला लागली, ओठ हलवत, एकेक शब्द. परीक्षकही वाकले.

सर तिच्याकडे गेले नाहीत. ते दाराकडे गेले. दाराशी मेन स्विच होता.

चारही पडदे काळे झाले. पंखा मंदावत थांबला.

"लाइट गेली," सर म्हणाले. "लोडशेडिंग. गोंदिया में यही है सर."

भिंतीपलीकडे टेलरचा रेडिओ गात होता.

"सर, त्यायचा रेडिओ चालू हाय," सुकवारा म्हणाली.

"त्याची लाइन वेगळी आहे."

परीक्षकांनी सरांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. त्यांना नागपूरची गाडी पकडायची होती. तिरोड्याला टॉपर गेला. सुकवाराने चपला घातल्या आणि स्टेशनचा रस्ता धरला. ती क्लासला परत आली नाही.

आता मी नागपुरात प्रोग्राम लिहितो, नवी पोरं निवडतो. कोण कच्चं, कोण मधलं, कोण तयार, हे कसं ओळखता, असं लोक विचारतात. मी म्हणतो, पडद्यावर चूक आली की हात कुठे जातो ते बघा. कच्च्याचा तोंडावर जातो. मधला सगळ्यात धोक्याचा, त्याला झाकण्यापुरतं येत असतं, त्याचा हात बंद करायला बटणावर जातो. तयार माणसाचे हात मांडीवर पडून राहतात, कारण तो वाचत असतो. या हिशेबाने त्या वर्गात अ‍ॅडव्हान्स एकच होती आणि सर जन्मभर मधल्या बाकावर बसून होते.

परवा गोंदियाला गेलो तेव्हा जिना चढलो. खोली रिकामी होती, सर मागच्या उन्हाळ्यात वारले. किल्ली टेलरकाकांकडे. दाराशी मेन स्विच तसाच होता. त्याचा दांडा 'चालू'वर, आणि त्यावर काळी चिकटपट्टी, थरावर थर, खाली ओढताच येऊ नये अशी.

"हे कोणी केलं, काका?"

"सरनंच. ते दरेकश्याची पोरगी गेली ना, तवापासून. मी म्हटलं, काऊन जी सर? तं म्हणे, हात जाते."

"तिला बोलवायला गेले होते का?"

काकांनी किल्ली खिशात टाकली.

"नाही गेले," ते म्हणाले. "पट्टी जुनी झाली का नवी लावत."