थोरला फेरा

बोरीच्या मनकर्णाबाईला रडताना कोणी पाहिलं नव्हतं, आणि गावाची त्यामुळे फार अडचण व्हायची. एखादी बाई रडली की चार बायका जवळ बसतात, पाठीवरून हात फिरवतात, त्या निमित्तानं आपलंही थोडं रडून घेतात. ही रडायचीच नाही, मग जवळ बसायचं तरी कशाला? शेजारची धुरपताबाई म्हणायची, "लय कठीण काळजाची हाय." काळीज कठीण नव्हतं, बधिर झालं होतं. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढला तरी तो पाय आपला वाटत नाही, तसं.

कारण म्हणाल तर सायकल. बोरीला चंपाषष्ठीच्या जत्रेत सायकलींची शर्यत लागायची आणि ती एकाच फेऱ्याची असायची. वेशीतून निघायचं, जिंतूर, सेलू, मानवत, परभणी अशी गावं करत पुन्हा बोरीच्या वेशीत यायचं. पहाटे निघालेला गडी दिवस मावळता परतायचा. याला थोरला फेरा म्हणत. मनकर्णाबाईचा नवरा भुजंग साधा शेतकरी, पण या फेऱ्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो म्हणायचा, "मानवतला दम तुटला तर काय करता? मागं बी तेवढंच, म्होरं बी तेवढंच. घर म्होरं हाय म्हणायचं अन् हाणायची."

तो परतला की मनकर्णाबाई तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभी असायची. तुकडा त्याच्यावरून ओवाळून लांब फेकायचा, पायांवर पाणी घालायचं, मग आत घ्यायचं. हे सगळेच करतात. तिच्या माहेरी मात्र आणखी एक नेम होता. भाकरतुकडा ओवाळला की माणूस घरी आला. मग दुसरा दिवस उगवेपर्यंत त्यानं उंबरा ओलांडायचा नाही, दारात साक्षात खंडोबा येऊन उभा राहिला तरी. भुजंग हसायचा, पण नेम पाळायचा. तेवढी एक संध्याकाळ नवरा हक्काचा घरात असायचा.

एका वर्षी भुजंग पहाटे निघाला तेव्हा त्यांची सात वर्षांची बायना अंथरुणातच होती. अंग जरा कोमट होतं. दुपारपर्यंत ताप डोक्यात गेला. शर्यत भरवणारे भगवानराव माणूस दिलदार, त्यांनी लगेच जीप काढली. पण पाठवायची कुठं? माणूस रस्त्यावर आहे एवढंच ठाऊक, कुठल्या रस्त्यावर हे कोण सांगणार? कोणी म्हणालं जिंतूरकडून मागे लागा, कोणी म्हणालं परभणीकडून आडवे जा. या घोळात जीप जिंतूरकडे गेली आणि सेलूच्या अलीकडं पंक्चर होऊन बसली.

दिवस मावळताना भुजंग पहिला आला. वेशीतल्या हलगीवाल्यांना थांबवायचं राहून गेलं होतं, ते वाजवत राहिले. घरापुढं माणसं पाहून त्याला वाटलं, आपल्यासाठीच जमलीत. बायना दुपारीच गेली होती.

त्या दिवशी त्याला कोणी ओवाळलं नाही. तो सायकल घेऊन तसाच आत आला.

पुढं काही झालं नाही. भांडण नाही, बोल नाही. सायकल गोठ्यात आढ्याला टांगली गेली. मनकर्णाबाई भाकरी थापायची, वेचणीला जायची, सणाला पुरण घालायची. भुजंगला वाटायचं, हिनं एकदा तोंडावर म्हणावं, तुमी कुठं व्हता. तिनं म्हटलं नाही. राग यायलाही आत काहीतरी जितं लागतं.

मग विद्यापीठाचं नामांतर होणार, होणार अशी हवा पुन्हा तापली. आधीच्या दंगलीत घरं जळली होती. ती कोणाची जळली हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. त्या बाबतीत अख्खं गावच मनकर्णाबाईसारखं झालं होतं. रस्त्यांवर बंदोबस्त आला, थोरल्या फेऱ्याला परवानगी मिळाली नाही. भगवानरावांनी तोड काढली, की तेवढंच अंतर गावाभोवतीच फेरे घालून पुरं करायचं. वेशीपासून ओढ्याच्या पुलापर्यंत, तिथून मळ्याला वळसा, आणि भुजंगच्या दारावरून पुन्हा वेशीत. पारावरची म्हातारी माणसं खवळली. "ही काय शर्यत हाय? ह्यो तर घाण्याचा बैल!"

भगवानराव भुजंगला बोलवायला आले. भुजंगनं बायकोकडं पाहिलं.

"जा की," ती म्हणाली. "दारावरूनच तर जायचंय." गुरांना चारा टाकला का, हे विचारावं तशा आवाजात.

भुजंगला पहिल्या काही फेऱ्यांतच कळलं की हे थोरल्या फेऱ्याहून अवघड आहे. तिकडं रस्ता बदलायचा, वारा एकदा तोंडावर आला की पुढच्या गावापर्यंत तोच. इथं वारा दर फेऱ्याला नव्यानं छाती दाबायचा. पुलावरचा तोच खड्डा, तीच बाभळ, आणि दर वेळी आपलं दार. उतरावंसं वाटलं तर उतरायला जागा समोरच.

मनकर्णाबाई दारात उभी होती. तो येत होता, जात होता. भगवानरावांचा माणूस फेरे मोजायला शाळेच्या भिंतीवर खडूनं रेघा मारत होता, पण ती तिकडं पाहत नव्हती. तिला फक्त त्याचं तोंड दिसत होतं, दर खेपेला थोडं अधिक म्हातारं. ऊन कललं. तो पुन्हा वळणावर दिसला, सगळ्यांच्या पुढं, मान खाली घातलेला. तिला वाटलं, झालं, हाच शेवटचा. ती आत गेली, तुकडा आणि तांब्या घेऊन आली. भुजंगनं सायकल हळू केली. तिनं ओवाळलं आणि तुकडा लांब फेकला.

"भुजंगा, आजून फेरे राह्यले!" भगवानराव ओरडले.

मनकर्णाबाईचा हात तसाच राहिला. "अवो, माझं चुकलं. जावा तुमी, जावा."

मागचे गडी भर्रकन निघून गेले. भुजंग खाली उतरला, सायकल भिंतीला लावली आणि पाय पुढं केले.

"ओवाळलंस न्हवं?" तो म्हणाला. "मग आलो घरी."

तिनं पाणी घातलं. आत येऊन तो खांबाशी बसला, जिथं बायनाचं अंथरूण होतं तिथं. बाहेर लोक त्याला शिव्या घालत होते. त्यानं विचारलं, "त्या दिशी तिनं इचारलं व्हतं का मला?"

हे त्यानं इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं.

"इचारलं की. सारखं. बा कुठवर आला, बा कुठवर आला. मी सांगत व्हते. जिंतूर मागं टाकलं म्हणलं. सेलू आलं, मानवत आलं. परभणी बी गेली, आता येतोच म्हणलं." इथवर तिचा आवाज नीट होता. "बोरी तेवढी सांगायची राह्यली वो."

आणि मनकर्णाबाई रडली. आवाज ऐकून धुरपताबाई धावत आली, पण आत भुजंग तिच्या पाठीवरून हात फिरवतोय हे पाहून उंबऱ्यावरूनच परत गेली.