कोलमनची कोरडी बोट

“बुडवलीस का गं?” फेस्टी कॉइन दगडी कुंपणापलीकडून ओरडला.

“बुडवली!” नोरीन बादली झटकत म्हणाली.

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“झकास.” फेस्टी समाधानाने आपल्या मेंढ्यांकडे वळला.

मे महिना जवळ आला की त्या तळ्याकाठी सगळे असंच बोलतात आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. लाकडी बोटी हिवाळाभर शेडमध्ये पालथ्या पडलेल्या असतात. त्या वाळतात, फळ्या आक्रसतात, सांध्यांतून उजेड दिसायला लागतो. मग त्यांना काठच्या उथळ पाण्यात न्यायचं, पोटात दगड भरायचे आणि चक्क बुडवून ठेवायचं. लाकूड पाणी पिऊन फुगतं, फटी मिटतात. काही दिवसांनी दगड काढून पाणी उपसलं की बोट वर येते ती घट्ट होऊन. हे न करता कोरडी बोट तशीच तळ्यात लोटली, तर ती भर पाण्यात आपली आपणच बुडते, माणसांसकट.

फेस्टीला नोरीनने खोटं सांगितलं होतं. तिने बुडवली होती एकच, स्वतःची. बापाची, कोलमनची, बोट शेडमध्ये ताडपत्रीखाली होती तशीच होती, आणि ती तिथेच राहावी असं नोरीनच्या मनात होतं. बोट कोरडी, म्हणजे कोलमन काठावर. कुणी काही बोलायला नको, कुणी काही ऐकायला नको.

कोलमन रुएनचा जन्म त्या तळ्यावर गेला. पाहुण्यांना बोटीत घेऊन ट्राउट माशांच्या मागे जायचं, हा त्याचा धंदा. गॉलवेहून, डब्लिनहून, समुद्रापलीकडून लोक यायचे. त्यांच्या हातात गळाच्या महागड्या काठ्या, टोपीत गळाला लावायच्या पिसांच्या खोट्या माश्या खोचलेल्या. कोलमन बोट वाऱ्याला आडवी धरायचा आणि हळूच म्हणायचा, “त्या खडकाच्या नाकासमोर टाका साहेब. नाकावर नको, शिंकेल तो.” मासा लागला की पाहुण्याची तारीफ करायचा, सुटला की वाऱ्याला शिव्या द्यायचा. पाहुण्याचं चुकलं असं त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. घरी आल्यावर मात्र चुलीपाशी बसून सगळ्यांच्या नकला करायचा. मिस्टर हॅलम नावाचे लीड्सचे दातांचे डॉक्टर, ते मासा लागल्यावर स्वतःच तोंड उघडून बसायचे. ती नक्कल पाहताना नोरीनची आई हसून हसून खुर्चीतून घसरायची.

नोरीनला त्याने बोटीत घेतलं तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. तिचे केस गाजरासारखे लाल. आणि मासेमारीला निघताना लाल केसांची बाई वाटेत भेटली तर घरी परत फिरायचं, हा तिथला जुना दंडक. धक्क्यावरचे नावाडी कोलमनला चिडवायचे, “अरे, आम्ही हिच्यासारखीला टाळायला लांबून जातो, आणि तू पुढ्यात बसवून नेतोस?”

“तुम्हाला ती वाटेत भेटते,” कोलमन म्हणायचा. “मी तिला घरूनच आणतो.”

त्याच पोरीची पन्नाशी झाली. लाल केसांत राख मिसळली. आता दोघांच्या दोन बोटी होत्या आणि दर मे महिन्यात, पाण्यातून मे-माश्यांचे थवे उठायला लागले आणि त्या खायला ट्राउट वर यायला लागले की, हॅलम आपल्या तीन मित्रांना घेऊन यायचे. दोघे नोरीनच्या बोटीत, दोघे कोलमनच्या.

पण गेल्या सप्टेंबरात एक गोष्ट घडली होती.

हवा स्वच्छ होती. धुकं नाही, वादळ नाही. नोरीनने आपल्या बोटीतून पाहिलं, तर कोलमनची बोट खडकांच्या पट्ट्याकडे वाहत चालली होती. पाहुणा पुढच्या बाजूला डुलक्या घेत होता. कोलमन वल्ही पाण्याबाहेर धरून बसला होता आणि एकेका बेटाकडे पाहत होता. लग्नघरात चुकून भलत्याच मांडवात शिरलेला माणूस जसा एकेक चेहरा निरखतो, तसा. तिने बोट जवळ नेली. “डॅडी, जेवायला चलायचं ना?”

“कुठे?” त्याने विचारलं. अगदी सरळ चेहऱ्याने.

मग म्हणाला, “तू हो पुढे. मी येतो मागून.”

आणि पाहुणे दुपारी जेवायला उतरतात त्या बेटापर्यंत तो तिच्या मागून आला.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही. हिवाळाभर ती रोज ठरवायची, आज बोलू. आणि रोज चहा करून द्यायची.

पाहुण्यांना यायला आठवडा उरला तेव्हा हॅलमचा फोन आला.

“माश्या उठल्या का गं?”

“काटेरी झुडपं फुलायला लागलीत, मिस्टर हॅलम. तुम्ही येईपर्यंत उठतील.”

“लोकरीचे मोजे घेतलेत. पिसांच्या माश्या यंदा घरीच बांधल्यात, कोलमन हसेल त्यांना. आणि कोलमनची बोट आहे ना?”

दर वर्षी फोन ठेवण्याआधी ते हेच विचारायचे.

“या तुम्ही,” नोरीन म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या रविवारी चर्चहून येताना कोलमन नेहमीच्या वाटेने आला नाही. काठी टेकत तळ्याकडून आला. दुपारी जेवायला बसला. उकडलेल्या बटाट्याचं साल काढता काढता म्हणाला, “माझी फार खोल बुडवलीस वाटतं.”

“काय?”

“बोट. तुझीची कड दिसते पाण्यावर. माझीचा पत्ताच नाही. पार तळाला गेली असणार. पाणबुड्या बोलवावा लागेल.”

नोरीनने मीठ त्याच्याकडे सरकवलं. त्याने मीठ मागितलं नव्हतं.

“वेळ नाही मिळाला.”

“एका बोटीपुरता मिळाला.”

“हे बघ डॅडी, दुसऱ्या बोटीची सोय होईल. फेस्टीला सांगते, तो येईल त्याची घेऊन.”

“फेस्टी? त्या प्लास्टिकच्या बाथटबात?” कोलमनने सुरी खाली ठेवली. “मग पाहुण्यांना साबण आणि टॉवेल देऊन ठेव.”

नोरीनला हसू फुटलं.

“हसू नकोस. मी रागावलोय.”

“कळतंय मला.”

“तर मग खरं बोल. एवढी मोठी झालीस, पण खोटं बोलताना अजून मीठच सरकवतेस.”

बाहेर फेस्टीचा कुत्रा कुणावर तरी भुंकत होता. नोरीन त्याचं भुंकणं थांबायची वाट पाहत राहिली. ते थांबलं.

“सप्टेंबर,” ती म्हणाली.

कोलमनने बटाट्यावर लोणी लावलं. सावकाश, पार कडेपर्यंत.

“तुला कळलं होतं?”

“तू माझ्या मागून आलास, डॅडी. आजवर कधी कुणाच्या मागून गेलायस तू?”

“मला वाटलं, छान निभावून नेलं मी.” त्याने सुरी ताटाच्या कडेला पुसली. “बेटं सगळी होती गं. जागच्या जागी होती. हरवलं काहीच नव्हतं. फक्त एकही ओळख दाखवेना. मी म्हटलं, अरे मी कोलमन. तरी ढिम्म.”

“एकदाच झालं ना?”

“तळ्यावर एकदाच.”

आणखी कुठे झालं, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. पण आता ते दोघांच्या मध्ये टेबलावर येऊन बसलं होतं, मिठाच्या भांड्याशेजारी.

“मी तोंडाने सांगायला हवं होतं,” ती म्हणाली. “मला जमेना. म्हटलं, बोट नसली की आपोआप…”

“आपोआप काय? मी शेडमध्ये जाणार, ताडपत्री उचलणार, फटींतून उजेड बघणार, आणि मग मला आपोआप कळणार की माझी पोरगी मला घाबरते?”

“तुला नाही घाबरत. तुझ्यासाठी घाबरते.”

“तेच ते.” त्याने ताट बाजूला सारलं. आता त्याचा आवाज खरोखर चढला. “आणि बोटीला कसली शिक्षा? तिने काय विसरलंय? एक अख्खा उन्हाळा कोरडी राहिली की फळ्या तडकतात, हे तुला मी शिकवायचं? माझं व्हायचं ते होईल. तिला अजून वीस वर्षं काही होत नाही. तू तिला माझ्यासोबत वाळवायला निघालीस!”

नोरीनचे डोळे भरून आले. त्याने ते पाहिलं आणि उगाच खिडकीकडे बघायला लागला.

“हॅलम दर वर्षी फोनवर काय विचारतो?”

“कोलमनची बोट आहे ना.”

“बघ. बोट विचारतो. कोलमनचं नाव घेतो ते नुसतं पत्ता म्हणून.”

तसं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण आधार म्हणून ते वाक्य बरं होतं, आणि दोघांनीही ते धरलं.

“तिला तू घे,” कोलमन म्हणाला. “तुझ्या बोटीत फेस्टीला बसव. तो टब घरी राहू दे, मेंढ्यांना पाणी प्यायला.”

“आणि तू?”

“जेवणाच्या बेटावर. सकाळी सोड, संध्याकाळी ने. जाळ करतो, केटली ठेवतो. तुम्ही याल तेव्हा चहा तयार.”

“एकटाच?”

“बेटावरून मी जाणार कुठे? चारी बाजूंनी पाणी आहे.”

तिला हसावं की रडावं कळेना. “गळ्यात शिट्टी अडकवून घ्यायची.”

“मेंढीला घंटा बांधतात तशी?”

“तशीच.”

“चालेल,” तो म्हणाला. त्याच्या या ‘चालेल’साठी ती हिवाळाभर थांबली होती. पण ते इतकं चटकन आलं, की तिला वाईट वाटलं.

मग त्याने स्वतःच हॅलमना फोन लावला. “मिस्टर हॅलम? ऐका, यंदा वल्ही पोरगी मारणार… हो, तीच, लाल केसांची… छे छे, मी ठणठणीत. गुडघे हो, गुडघे. साले बसू देत नाहीत… मी बेटावर असणार, चहाला. तुमच्या माश्या घेऊन या, जाळ पेटवायला उपयोगी पडतील.” पलीकडून हसल्याचा आवाज आला. नोरीन भांडी घासत राहिली. गुडघे तर गुडघे.

सोमवारी सकाळी बोट उचलायला फेस्टीला बोलवावं लागलं. शेडमध्ये त्याने ताडपत्री ओढली आणि कंबरेवर हात ठेवले.

“काय गं? परवा तर म्हणालीस, दोन्ही बुडवल्या!”

नोरीनने तोंड उघडलं, पण त्याआधीच कोलमन म्हणाला, “बुडवली होती. वर आली परत. हलकी आहे ती.”

“आणि वाळूनही गेली?”

“वारा होता.”

फेस्टीने बापाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. “वारा होता खरा,” तो म्हणाला आणि त्याने बोटीचं पुढचं टोक उचललं.

काठच्या पाण्यात तिघांनी तिला दगड घालून खाली बसवलं. फटींतून पाणी चिळकांड्या मारत आत आलं. कोलमन काठीवर रेलून ऐकत उभा राहिला, तान्हं दूध पिताना बाई ऐकते तसा. “पितेय,” तो म्हणाला.

मग बाकीची तयारी आठवडाभर चालली. नोरीनने रेनकोट वाऱ्यावर टांगले, जीवरक्षक जाकिटांचे पट्टे ओढून ओढून पाहिले, पाहुण्यांच्या काठ्यांसाठी भिंतीवर खुंट्या मोकळ्या केल्या. कोलमनने केटली बाहेर काढली. तिच्या पोटात पोकळी असते, त्यात काटक्या पेटवल्या की भोवतीचं पाणी उकळतं. तिच्यातली काजळी त्याने खरवडली आणि कोरड्या काटक्यांची एक मोळी बांधून दारात ठेवली. एकदा त्याने मोळी सोडली आणि परत बांधली. थोड्या वेळाने पुन्हा सोडून बांधली. नोरीनने पाहिलं आणि कणीक मळत राहिली.

शुक्रवारी संध्याकाळी उन्हं अजून तळ्यावर होती. पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते. नोरीनने पाण्यात उतरून दगड काढले, बादलीने पाणी उपसलं, आणि कोलमनची बोट अंग झाडल्यासारखी वर आली. दोघं तिला बघत थांबले. एका सांध्यात थेंब जमला. दुसरा जमायला बराच वेळ लागला.

“उशिरा प्यायली, पण प्यायली,” कोलमन म्हणाला. “त्या एका जागी मेण घाल. हो बाजूला, मला आत येऊ दे.”

“कशाला?”

“हो म्हटलं ना बाजूला.”

तिने दंड धरला, त्याने धरू दिला. तो बोटीत उतरून वल्ह्याच्या जागेवर बसला. नोरीनला वाटलं, आता हा काही उठत नाही. सगळं ठरलेलं मोडणार आणि उद्या सकाळी मला पुन्हा तेच भांडण भांडावं लागणार. पण त्याने वल्ह्यांना हातच लावला नाही. खिशातून हातोडी काढली आणि वाकून पायांशी ठोकायला लागला.

वल्हं ओढताना पाय रोवायला बोटीच्या तळाशी एक आडवी फळी असते. कोलमनचे पाय लांब. त्याने ती फळी लग्नाच्याही आधी पार पुढच्या खाचेत ठोकली होती, आणि तेव्हापासून ती हलली नव्हती. खिळे गंजून लाकडाचा भाग झाले होते. तो ठोकत राहिला, पिळत राहिला, तळ्याला आणि लोहाराला शिव्या देत राहिला. शेवटी फळी सुटली. तिच्याखालचं लाकूड अजून नव्यासारखं पिवळं होतं.

“इकडे ये. बस.”

नोरीन त्याच्या जागेवर बसली. तो समोरच्या फळीवर बसला. पाहुणे बसतात, तिथे. तिथे बसलेला ती त्याला पहिल्यांदाच पाहत होती.

“पाय लांब कर. एवढे नाही, वल्हं मारताना करतेस तेवढे.”

त्याने फळी मागच्या एका खाचेत ठेवली. “पोचतात?”

“नाही.”

आणखी एक खाच मागे. “आता?”

तिने टाचा दाबून पाहिल्या. “पोचतात.”

त्याने खिळा तोंडातून काढला आणि ठोकायला घेतला. मग थांबला. मान वर करून तळ्याकडे पाहिलं, एका बेटावरून दुसऱ्यावर, सावकाश. नोरीनने टाचा फळीवर तशाच दाबून धरल्या.

“त्या हॅलमला खडकाच्या नाकावर टाकू देऊ नकोस,” तो म्हणाला. “नाकासमोर.”

“माहीत आहे, डॅडी.”

“माहीत आहे म्हणे,” कोलमन पुटपुटला आणि त्याने खिळा पार आत ठोकला.