दर दोन तासांनी कूस

मंदी आली तेव्हा मी दुबईतल्या एका बिल्डर कंपनीत एचआरला होते आणि लोकांना कामावरून काढण्याची पत्रं लिहायचे. फार सुंदर लिहायचे. 'आपल्या योगदानाबद्दल कंपनी आपली ऋणी आहे. आपल्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा' ही शेवटची ओळ माझी. ती राहावी म्हणून मी साहेबांशी भांडले होते, कारण तिच्याशिवाय पत्र फार कोरडं वाटायचं. दोन हजार नऊच्या सुरुवातीला साहेबांनी तेच पत्र माझ्या हातात ठेवलं. वाचता वाचता मी पर्समधून पेन काढलं, कारण दुसऱ्या परिच्छेदात एक स्वल्पविराम राहून गेला होता. साहेब म्हणाले, "मॅडम, प्लीज. इट्स खलास." मी तरीही तो स्वल्पविराम दिला आणि मग खुर्चीवरची शाल उचलून निघाले.

आम्ही तेव्हा शारजात, अल मजाजला राहायचो. नवरा तिथल्याच औद्योगिक क्षेत्रात, ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या कारखान्यात होता. टॉवरच उभे राहिनात तर खिडक्या कोण घेणार, म्हणून तो रोज सकाळी डबा उचलताना तोंड एवढंसं करून जायचा. आमच्या मजल्यावर एकच बाई निर्धास्त होती. ती केरळची, सरकारी हॉस्पिटलात नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणायचे.

"मंदी आली म्हणून लोक आजारी पडायचे थांबत नाहीत," नवरा एका शुक्रवारी म्हणाला. त्या एका वाक्यावर आमचा बेत ठरला. कॅनडात एका कॉलेजात आधीची पदवी असलेल्यांसाठी दोन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स होता. मी अर्ज करायचा, मी शिकायचं, मागून सगळ्यांनी यायचं.

यात एक अडचण होती. मला रक्त बघवत नाही. मी कॉमर्सला गेले तीच मुळी सायन्सला बेडूक कापावा लागतो म्हणून. मुलीचा गुडघा फुटला की मी आधी सोफ्यावर बसून घ्यायचे आणि मग नवऱ्याला हाक मारायचे. दहा वर्षांच्या त्या मुलीने बेत ऐकला आणि वहीतून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, यू फेंटेड व्हेन आय गॉट अ पेपर कट."

"शिकेल गं ती," नवरा तिला म्हणाला, आणि मला, "यल्ला, चल, भर फॉर्म."

मी कामाला लागले. कॉलेजला शरीरशास्त्र हवं होतं, म्हणून ऑनलाइन वर्ग लावला आणि हाडांची नावं फ्रिजवर चिकटवली. दूध काढायला गेलं की आधी मांडीचं हाड म्हणायचं, मग दूध. जुन्या मार्कांचं ट्रान्सक्रिप्ट पुण्याच्या विद्यापीठातून सीलबंद यायला हवं होतं. त्यासाठी ताईने शाळेतून दोनदा अर्धी रजा काढली, खिडकीशी उभी राहिली, शिक्का नीट उमटला नाही म्हणून परत मारून घेतला. ताई माझी थोरली बहीण, पुण्यात शाळेत शिकवते. माझी कामं ताईने करायची हा आमच्या घरचा जुना रिवाज आहे आणि तो बदलावा असं मला कधीच वाटलं नव्हतं.

मग आलं ते पान. अर्जदाराने कुणाची तरी प्रत्यक्ष शुश्रूषा केलेली हवी, किमान शंभर तास. घरच्या माणसाची केली असेल तरी चालेल. त्यावर एक निबंध लिहायचा, आणि ती शुश्रूषा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने खाली सही करायची.

मी खुर्चीवर सरसावून बसले. आमची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. पक्षाघात झाला, चौदा महिने अंथरुणावर होती. शंभर तास कसले, हजारो तासांची शुश्रूषा झाली होती आमच्या घरी. ती मी केली नव्हती, एवढंच.

मी त्या चौदा महिन्यांत दोनदा गेले. एकदा आठ दिवस, एकदा चार. आठ दिवसांपैकी तीन मी सर्दी झाली म्हणून दुसऱ्या खोलीत झोपून होते, आईला संसर्ग नको म्हणून. जाताना मात्र रिकाम्या हाताने गेले नाही. खजूर, केशर, आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवा भरणारी विजेची गादी. ती गादी मी विमानतळावर भांडून सामानात घातली. पुण्यात खोका उघडला तर तिचा प्लग तिकडचा, जाड चौकोनी पिनांचा. तो आमच्या भिंतीत जाईना. मी गादीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि परतीचं विमान धरलं. पुढे ताईने वायरमन बोलावून प्लग बदलून घेतला. बाकी मी दर शुक्रवारी फोन करायचे. ताई काय काय केलं ते सांगायची, आणि मी "अगंबाई, हो का" म्हणायचे.

त्या शुक्रवारच्या फोनांच्या जोरावर मी निबंध लिहिला. इंग्रजीत, दोन पानं. पत्रं लिहून हात बसलेलाच होता. आईला दर चार तासांनी मी कशी कुशीवर वळवायचे, भिंतीला टेकवून पेज कशी भरवायचे, लाल झालेल्या पाठीला कसं चोळून द्यायचे. शेवट तर असा साधला होता की माझेच डोळे पाणावले. एका संध्याकाळी आईने डाव्या हाताने माझा हात घट्ट धरला, तोंडाने एक शब्द बोलली नाही, पण त्या हाताने ती सगळं बोलली, आणि त्या क्षणी मला माझा मार्ग सापडला.

नवऱ्याने वाचलं. म्हणाला, "मस्त झालंय. मला वाटायला लागलं की तू खरंच तिथे होतीस."

मी म्हटलं, "होतेच की. बारा दिवस."

सही कुणाची घ्यायची हा विचार मी निबंध संपल्यावर केला, यावरून माझी अक्कल कळावी. नवऱ्याची चालत नव्हती. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस जगात एकच होतं. ज्या बाईने कितीजणांच्या नोकऱ्या एका बैठकीत शुभेच्छांसह संपवल्या, तिला ताईला दोन ओळींची मेल लिहायला तीन दिवस लागले. शेवटी लिहिलं, 'ताई, नुसती फॉर्मॅलिटी आहे. वाचत बसू नकोस. खाली सही करून स्कॅन करून पाठव.' चोवीस वर्षं पेपर तपासणाऱ्या बाईला मी 'वाचत बसू नकोस' असं कळवलं होतं.

आठ दिवस काही आलं नाही. मी दिवसातून दहा वेळा मेल उघडायचे. सही आली नाही तर जागा जाणार, हे तर होतंच. पण त्याहून जास्त मला ताईची भीती वाटत होती. आई गेल्यावर आता माझं माहेर म्हणजे ती एकटीच होती.

नवव्या दिवशी स्कॅन आलं. खाली ताईची सही होती, स्वच्छ, पूर्ण नावाची. आणि वरची दोन्ही पानं लाल शाईने भरलेली होती. 'चार तासांनी' खोडून 'दोन तासांनी'. भिंतीला टेकवून भरवण्याच्या पुढे, 'मान थोडी पुढे हवी, नाहीतर ठसका लागतो. घास उजव्या गालात.' पाठ चोळण्यावर आडवी काट, समासात लिहिलेलं, 'लाल झालेली जागा चोळायची नसते.' आणि शेवटच्या त्या सुंदर परिच्छेदात 'डाव्या' शब्दाभोवती गोल, शेजारी एवढंच, 'डावी बाजू गेली होती.'

मी तो गोल बघत बसले. माझ्या आईचं कोणतं अंग लुळं पडलं होतं हे मला माहीत नव्हतं. मी तिच्या उशाशी बारा दिवस होते, गादीबरोबर फोटो काढला होता, आणि मला हे माहीत नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही.

मी फोन लावला. ताई शाळेतून नुकतीच आली होती, चहा टाकत होती.

"मिळालं का गं?" ती म्हणाली. "ते दोन तासांचं आधी नीट कर. तिकडे वाचणाऱ्या नर्सच असतील. चार तास वाचलं की पकडतील तुला."

"ताई, तू रागावली नाहीस?"

"रागावले होते ना. तेव्हा. तू गादीबरोबर फोटो काढलास तेव्हा तर फार. आता काय रागवायचं?"

"मग सही कशाला केलीस? सगळं खोटं आहे ते."

तिकडून गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"शेवटचे तीन-चार महिने आई मला 'धाकटे' म्हणून हाक मारायची," ती म्हणाली. "आधी मी सांगायचे, अगं आई, मी थोरली आहे. मग ती रडवेली व्हायची. म्हणून सांगायचं सोडलं. धाकटे म्हणाली की मीच ओ द्यायचे. कूस वळवली की म्हणायची, धाकटीने हाल होऊ दिले नाहीत हो माझे. तिच्या लेखी सगळं तूच केलंयस. म्हणून केली सही."

"हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

"काय सांगणार होते?" ताई म्हणाली. "चहा निवतोय माझा. ते डाव्या हाताचं नीट कर हं."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात फ्रिजवरच्या हाडांसमोर बसून रडले. मुलगी पाणी प्यायला आली आणि म्हणाली, "मम्मा, डिड यू सी ब्लड?"

तो अर्ज मी पाठवला नाही. नवरा भडकला. "सही आली, शिक्के आले, आणि आता ही काय अवदसा आठवली तुला?" त्याचं चूक नव्हतं, कारखान्यात त्याच्या खात्यातली माणसं कमी होत होती. मी कॉलेजला कळवलं की मी पुढच्या वर्षी अर्ज करते. त्या वर्षी त्यांनी मला घेतलंही, आणि पहिल्याच आठवड्यात मी तिथे चक्कर येऊन पडलेही, पण ते सगळं नंतरचं. मधल्या वर्षात मला शंभर तास हवे होते, खरे.

ते मला दुबईत, करामा भागात मिळाले. नवऱ्याच्या कारखान्यातल्या एकाची आई तिथे मुलाकडे होती, पक्षाघाताने अंथरुणावर. मुलगा-सून दोघं नोकरीवर. मी आठवड्यातून तीन दिवस शारजाहून बसने जायचे. सिस्टरने मला आधी तिच्याच पलंगावर तिच्याच मुलाला झोपवून माणूस न उठवता चादर कशी बदलायची ते शिकवलं. "आप डरेगा तो पेशंट भी डरेगा," ती म्हणाली. पहिल्या दिवशी आजींनी माझा चेहरा बघून मलाच विचारलं, "बाई, तुम्हाला बरं नाही का?" मी चादर इतका वेळ बदलत होते की त्या मधेच झोपी गेल्या. त्यांचीही डावीच बाजू गेली होती. हे मी आत जाण्याआधी सुनेला दोनदा विचारून घेतलं होतं.

आजींची मुलगी सांगलीला असायची, घरात सगळे तिला बेबी म्हणायचे. बेबी दर रविवारी फोन करायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर काहीबाही पाठवायची. हळदीचा लेप, मंतरलेला गंडा, एकदा तर पाय शेकायचं यंत्र. मला तिचा मनस्वी राग यायचा. नुसत्या वस्तू पाठवते, म्हटलं, येऊन दोन दिवस करून बघ म्हणावं. हे मी मनाशी म्हणत असताना माझ्या हातात त्या यंत्राची वायर होती आणि प्लग भिंतीत जात नव्हता.

उन्हाळ्यातली एक दुपार. एसी चालू होता, मी स्वयंपाकघरात पेज गाळत होते. आतून आजींचा आवाज आला. "बेबी, ए बेबी."

मी दारात गेले. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी बेबी नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं.

"ओ," मी म्हटलं, "आले हं." आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दोन तास होत आले होते.