पट्टी ओढा, खिडकी उघडेल

अश्विनीच्या आणि आमच्या घराला भिंत एकच. त्यामुळं तिकडचे किस्से मला गोळा करावे लागत न्हाईत, आपोआप साठतात! सांगायला बसते हसत, पण हसू निम्म्यातच थांबतं.

अश्विनी चित्रं काढते. पोरांच्या पुस्तकांचं काम मिळावं म्हणून तिनं पुण्या-मुंबईच्या वीस प्रकाशकांसाठी हातानं कार्डं केली. कार्ड उघडलं की कागदाचं घर उभं राहायचं. पट्टी ओढली की खिडकीतून एक बाई डोकावायची.

तिचे वडील, अप्पा, म्हणाले, "एक तरी उत्तर येऊ दे. न्हाय आलं तर जूनपासून बी.एड. चित्रं बंद!"

*

पहिलं कार्ड बघायला मी चहा गाळता गाळता तशीच धावले. पट्टी ओढली. बाई डोकावली. मान लांब, कान टवकारलेले, हातात गाळणी!

"अगं, ही कोण?"

"कुणी न्हाय काकू. अशीच एक बाई."

मी माझी गाळणी पदराखाली घेतली.

*

चिकटवायला मैद्याची खळ मीच शिजवून दिली. उंदीर-किडे लागू न्हायेत म्हणून त्यात मोरचूद घालायचं तेवढं विसरले. चार दिवसांनी कार्डांची ट्रंक उघडली, तर उंदरांनी आठ घरं पायापासून खाल्लेली!

अप्पा म्हणाले, "चला, कुणाला तरी आवडलं!"

अश्विनी हसली न्हाय. ब्लेडनं बोटं कापून घेत ती आठ घरं परत करत बसली.

*

वाचलेली बारा घेऊन आमी पोस्टात गेलो.

"आत काय हाय?" काउंटरवरच्या भाऊंनी विचारलं.

"घर हाय."

भाऊंनी एक उघडून पट्टी ओढली. शेजारच्या साहेबांनी ओढली. लायनीतल्या आजोबांनी ओढली, तर पट्टीच हातात आली!

"लई भारी केलंय पोरी," म्हणत भाऊंनी पाकीट बंद केलं आणि वर दणकन शिक्का हाणला. आतलं घर कायमचं झोपलं.

*

महिना गेला. पोस्टमन गल्लीत शिरला की मी दारात.

"अश्विनीचं काय हाय का?"

"न्हाय. तुमचं लाइट बिल हाय."

शेवटी तो मला बघून लांबूनच मान हलवायला लागला. मग अश्विनीनं दारात येणंच सोडलं.

*

राहिली नव्यानं केलेली आठ कार्डं. ती पाकिटांत घालून अश्विनी न्हायला गेली होती. म्हटलं, शुभकाम हाय, आणि पांढऱ्याशुभ्र पाकिटांच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं.

अश्विनी बाहेर आली अन् तिनं एक पाकीट उचललं.

"काकू, लग्नपत्रिका हाय का ही?"

दुसरी पाकिटं करायला कागद उरला न्हवता. तशीच पोस्टात टाकली.

मे संपता संपता एक पत्र आलं, मुंबईच्या प्रकाशकाचं. विसांतलं एकच. अश्विनीनं उभ्यानं वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

"पत्रिका मिळाली. कामामुळे लग्नास येणे जमणार नाही. वधूवरांस अनेक शुभाशीर्वाद."

आतून अप्पांनी हाक मारली, "काय गं, आलं का उत्तर?"

अश्विनीनं पत्र माझ्याकडून घेतलं. नीट घडी घातली.

"आलं, अप्पा."